तक्रारीला जोडलेली दोन पत्रे
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



आम्ही सरकारी कचेरीत फायली सांभाळणारे. तक्रारअर्ज येतो, त्याला 'सोबत' म्हणून कागद जोडलेले असतात. पुष्कळदा अर्जापेक्षा ते कागदच जास्त बोलतात. आज अशाच दोन कागदांविषयी बोलायचे आहे.

साल १८६४. अमेरिकेतील यादवी युद्ध शेवटाकडे आले होते. मिसुरी राज्यातला स्पॉट्सवुड राइस हा गुलाम त्या वर्षी फेब्रुवारीत पळाला आणि सरकारी फौजेत भरती झाला. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक त्या फौजेत दाखल झाले होते.

मुली मात्र मागे राहिल्या. लिंकन यांची १८६३ ची मुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशापुरती होती. मिसुरी राज्य फुटले नव्हते, म्हणून तेथे गुलामगिरी कायद्याने चालूच. बाप सरकारचा शिपाई, आणि मुली दुसऱ्याची मालमत्ता!

सप्टेंबरमध्ये सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळातून त्याने दोन पत्रे धाडली. मुलींना कळवले, धीर धरा, जीव गेला तरी बेहत्तर, पण तुम्हाला सोडवणार. दुसरे पत्र मेरीची मालकीण किटी डिग्ज हिला. पूर्वी त्याने स्वतःच्याच मुलीसाठी तिला ४० डॉलर देऊ केले होते, तिने नाकारले. आता तो लिहितो, नाकारलेस ते बरेच झाले. माझे मूल जितके दिवस अडवशील, तितके जास्त दिवस नरकात जळशील.

किटीचा भाऊ ग्लासगो गावचा पोस्टमास्तर. तो संतापला. दोन्ही पत्रे जोडून त्याने जनरल रोझक्रान्स यांच्याकडे तक्रार केली, या माणसाला राज्याबाहेर पाठवा. ती तक्रार लष्करी दप्तरात पडून राहिली, आणि म्हणूनच बापाची पत्रे आजही वाचायला मिळतात.

११ जानेवारी १८६५ रोजी मिसुरीने गुलामगिरी रद्द केली. ९ एप्रिलला जनरल ली यांनी शरणागती पत्करली. आपल्याकडे महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांना अर्पण केले, ते याच मुक्तीसाठी झटलेले लोक.

मेरीचे पुढे काय झाले? १९३७ साली अमेरिकन सरकारने जुन्या गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत सेंट लुईसची ८५ वर्षांची मेरी बेल आहे. तिची आई एका मालकाकडे, वडील दुसऱ्याकडे. वडिलांना आठवड्यातून दोनच रात्री घरी येण्याची मुभा. सातव्या वर्षी मेरीला तीन मुले सांभाळायला दुसऱ्यांकडे कामाला लावले होते. वडील पुढे धर्मोपदेशक झाले. म्हातारी अभिमानाने सांगते, मला सैनिक आवडतात. माझे वडील, भाऊ, नवरा, मुलगा, सगळे सैन्यातले.

हे वाचल्यावर आम्हाला आमच्याच घरची एक पेटी आठवली. पणजोबा नोकरीसाठी इकडे आले, त्यांची मोडीतली पत्रे तीत होती. घर बदलताना, वाचता येत नाहीत म्हणून, आम्हीच ती रद्दीत घातली. दुसऱ्यांची कागदपत्रे जपण्याचा पगार घेणाऱ्याने हे केले.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती तेवढी बाजूला ठेवा. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.

गणपती बाप्पा मोरया!