दोन घरांची एक राहुटी

(धर्मग्रामाच्या महोत्सवांतील कुटुंबदिनीं वाचलेलें भाषण)



लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत योबेल वर्षाचा विधि सांगितला आहे. ५० वें वर्ष लागलें म्हणजे शिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें आणि प्रत्येकानें आपापल्या वतनास व आपापल्या कुळास परत जावें, असा त्याचा आशय आहे. महोत्सवाच्या प्रसंगीं या अध्यायाचें स्मरण सर्वत्र होतें. परंतु ज्या मुलाचा एक पालक मृत्यूनें नेला आणि दुसऱ्यानें पुन्हां विवाह केला, त्या मुलानें कोणत्या कुळास परत जावें, असा प्रश्न केल्यास उत्तर सोपें नाहीं. आम्हां उभयतांच्या घरीं अशीं चार मुलें आहेत, दोन एकाचीं व दोन दुसऱ्याचीं. म्हणूनच या विषयावर बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, व ती आम्हीं शिरसावंद्य मानिली.

आपल्या भाषेंत या नात्याचें नांवच मुळीं कडू आहे. 'सावत्र' म्हटलें कीं 'सापत्नभाव' हा शब्द मागोमाग आलाच. आणि संस्कृतांत 'सपत्न' म्हणजे प्रतिस्पर्धी, वैरी. एखाद्या कचेरींत पक्षपात झाला तरी 'सावत्रपणाची वागणूक' असें आपण म्हणतों. उलटपक्षीं 'माय मरो, पण मावशी उरो' अशीही एक म्हण आपल्याच आजींनीं आपणांस ऐकविली आहे. म्हणजे आईच्या जागीं दुसरें कोणी उभें राहूं शकतें हें आपल्या लोकांस मान्य आहे. मात्र तें नातें नव्यानें जोडावें लागलें कीं त्यांचा विश्वास डळमळतो.

ख्रिस्तसभेची या बाबतींतील शिकवण स्पष्ट आहे. पति निवर्तल्यावर पत्नी बंधनमुक्त होते व प्रभूमध्यें राहून पुन्हां विवाह करण्यास मोकळी असते, असें संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायांत सांगितलें आहे. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. पतिपत्नी होण्यास वेदीपुढील एक 'होय' पुरतें. भाऊबहीण होण्यास मात्र असा कोणताही संस्कार नाहीं. तें काम दिवसांनीं व श्रमांनींच होतें, आणि तें कोठें व कसें करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विवाहानंतर आम्ही जेथें राहूं लागलों तें एका पक्षाचें जुनें घर होतें. कोणती खुंटी कोणाची, खिडकीजवळची जागा कोणाची, जपमाळेच्या वेळीं कोणी कोठें बसावें, हें सर्व तेथें पूर्वींच ठरलेलें. नवीं आलेलीं मुलें पाणीसुद्धां विचारून पीत. जुनीं मुलें तें मोठ्या अगत्यानें देत. कोणी कोणास दुखवीत नसे, आणि चिंतेची गोष्ट हीच होती. भावंडें भांडतात, पाहुणे भांडत नाहींत. तेव्हां ज्या जागेवर चौघांपैकीं कोणाचाही आधींचा हक्क नाहीं अशा जागीं दोन रात्री काढाव्या, असें आम्हीं ठरविलें.

राहुटींत राहणें ही कांहीं आजकालची हौस नव्हे. अब्राहाम राहुट्यांत राहिला, आणि त्याचें घर हें पवित्र शास्त्रांतील दोन आयांच्या मुलांचें एक घर होतें. तेथील इतिहास शास्त्र झांकून ठेवीत नाहीं. सारेच्या आग्रहावरून हागार व इश्माएल यांस भाकर आणि पाण्याची पखाल देऊन रानांत लावून दिलें, हें उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायांत आहे. परंतु पुढें २५ व्या अध्यायांत अब्राहाम मरण पावतो, तेव्हां इसहाक व इश्माएल हे दोघेही मिळून त्यास मखपेलाच्या गुहेंत मूठमाती देतात. ज्या भावांस एका राहुटींत जागा मिळाली नाहीं, ते बापाच्या कबरेशीं एकत्र आले. आमच्या मुलांनीं तोंवर कां थांबावें, असें आमच्या मनांत आलें.

अलीकडचा एक दाखलाही घेण्यासारखा आहे. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राऊनसी बेटावर मुलांचें जें पहिलें शिबिर भरविलें, त्यांत श्रीमंतांच्या शाळेंतील मुलें व कामकरी वर्गांतील मुलें मुद्दाम एकत्र आणिलीं होतीं. पुढें जगभर पसरलेल्या बालवीर चळवळीचा तो आरंभ. भिन्न घरांतील मुलांस एकाच चुलीवर शिजवावयास लाविलें म्हणजे घराण्याचा विचार मागें पडतो, हा त्यांतील व्यवहार आम्हांस पटला.

पवित्र कुटुंबाच्या सणाच्या आठवड्यांत आम्ही रेवदंड्यास गेलों. आपल्या या किनाऱ्यावर राहुटी ठोकण्याचा काळ म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतचा. पावसाळ्यांत त्याचें नांवही काढूं नये. नारळी-पोफळीच्या एका वाडीच्या मालकाची परवानगी घेतली आणि सुरूच्या झाडांखालीं जागा पाहिली. जवळच पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं उभारण्यास घेतलेल्या कोटाची तटबंदी, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर. भरतीची शेवटची रेषा वाळूवर सुकलेल्या शेवाळानें व शिंपल्यांनीं आंखलेली असते. राहुटी तिच्याही बरीच वर ठोकावी, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी ती रेषा मानीत नाहीं.

वाळूंत मेखा धरीत नाहींत. म्हणून पोत्यांत वाळू भरून तीं हातभर खोल पुरावीं व त्यांस राहुटीचे दोर बांधावे, अशी रीत आहे. चौघांनाही खणण्यास लाविलें. आमच्यांतील पित्यानें पहिल्या पोत्यास दोर बांधिला, तोंच १२ वर्षांचा मुलगा म्हणाला, "माझे बाबा अशी गांठ मारीत नसत." त्याचे वडील जहाजावर नोकरीस होते. क्षणभर सर्वांचे हात थांबले. पित्यानें गांठ सोडिली, दोर त्या मुलाच्या हातीं दिला आणि म्हटलें, "तुझे बाबा कशी मारीत, तें आम्हां सर्वांस दाखव." त्यानें दाखविली. ओढ बसली असतां घट्ट राहणारी आणि हातानें सरकवितांच सैल अथवा तंग करतां येणारी अशी ती गांठ होती. दुसऱ्या पक्षाचा ९ वर्षांचा मुलगा ती सर्वांआधीं शिकला, आणि आठही दोर त्या दोघांनीं बांधिले.

सायंकाळीं समुद्रावरून खारा वारा येत होता, म्हणून राहुटीची पाठ समुद्राकडे केली होती. परंतु रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते व उत्तररात्रीं वारा जमिनीकडून वाहूं लागतो. आपले कोळी बांधव त्यास मतलई म्हणतात. तो सुटतांच राहुटीच्या दाराचें कापड फडफडूं लागलें व त्या बाजूचे दोर ढिले पडले. दोघेही मुलगे आम्हांस हांक न मारितां उठले, बाहेर गेले, गांठी सरकवून दोर तंग केले आणि कांहींतरी कुजबुजत परत येऊन निजले. आम्ही जागे होतों. पण उठलों नाहीं.

दुसरी गोष्ट टोपाची. १४ वर्षांच्या थोरल्या मुलीनें आपल्या दिवंगत आईचा एक टोप कोणास न सांगतां सामानांत घातला होता. सकाळीं तो दिसला तेव्हां आमच्यांतील मातेनें त्यास हात लाविण्यापूर्वीं विचारिलें, "यांत पेज केली तर चालेल का? तुझी आई तांदुळास पाणी किती घालीत असे?" मुलगी थोडी थांबली व म्हणाली, "मीच करितें, मावशी." तोंपर्यंत ती कोणत्याही नांवानें हांक न मारितां बोलत असे. त्या दिवशीं सुक्या जवळ्याबरोबर सहा जणांनीं ती पेज खाल्ली. ६ वर्षांच्या धाकटीनें दोनदां मागून घेतली.

रात्रीं जपमाळ झाली. घरीं असतां प्रत्येक पक्ष आपल्याच मृतासाठीं मनांतल्या मनांत प्रार्थना करीत असे. तेथें एक दशक मुलांच्या आईच्या आत्म्यासाठीं व एक दशक मुलांच्या वडिलांच्या आत्म्यासाठीं सर्वांनीं मोठ्यानें म्हटलें. तें झाल्यावर धाकटीनें विचारिलें, "तीं दोघें आतां तिथें एकमेकांस ओळखत असतील काय?" कोणीही उत्तर दिलें नाहीं, परंतु तो प्रश्न अयोग्य आहे असेंही कोणास वाटलें नाहीं.

बंधुभगिनींनो, प्रवासास निघालेल्या अशाच एका कुटुंबाची कथा संत लूकनें २ ऱ्या अध्यायांत सांगितली आहे. वल्हांडणाच्या सणास जेरुसलेमला गेलेला १२ वर्षांचा बाळ येशू परतीच्या वाटेवर मागें राहिला. तो तांड्यांत असेल असें समजून मातापिता एक दिवसाची वाट चालून गेलीं, आणि तीन दिवसांनंतर तो मंदिरांत सांपडला. पवित्र मरिया त्याच्याशीं बोलतांना संत योसेफाचा उल्लेख 'तुझा पिता' असा करिते. आणि बाळ उत्तर देतो तें आपल्या स्वर्गीय पित्याविषयीं. जवळच संत योसेफ उभा आहे. मुलाच्या तोंडीं आलेला 'माझा पिता' हा शब्द आपणांस उद्देशून नाहीं, हें तो ऐकतो. शास्त्रांत त्याची एकही तक्रार नमूद नाहीं. पुढें एवढेंच म्हटलें आहे कीं बाळ त्यांच्याबरोबर नाझरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. पालक पित्याचें सर्व शास्त्र आम्हांस या एका प्रसंगांत दिसतें. मुलाच्या मनांतील दुसऱ्या पित्याची जागा घ्यावयाची नाहीं. ती राखावयाची, आणि तिच्या शेजारीं उभें राहावयाचें.

याचा अर्थ दोन रात्रींत सर्व सुरळीत झालें असा कोणी करूं नये. थोरली अजूनही 'आई' म्हणत नाहीं, आणि तिनें म्हणावें असा आमचा आग्रह नाहीं. मात्र परतल्यावर आठवड्याच्या आंत खिडकीजवळच्या जागेवरून दोन्ही मुलग्यांत कडाक्याचें भांडण झालें. शेजाऱ्यांस तो गोंगाट वाटला. आम्हीं देवाचे आभार मानिले.

दोन रक्तें मिसळलीं कीं मूळचें नाहींसें होतें, अशी भीति ज्यांस वाटते त्यांनीं कुंडलिकेपलीकडे पाहावें. पोर्तुगीजांची सत्ता चौल-रेवदंड्यावरून १७४० सालीं गेली. तरी कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या संयोगानें झालेली एक बोली आजही बोलली जाते. ती बोलणारे तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, असें म्हणतात. तिच्यांतील शब्द बव्हंशीं पोर्तुगीज आहेत, आणि वाक्याची ठेवण आपल्या मराठीप्रमाणें क्रियापद शेवटीं ठेवणारी. दोन्ही आयांचें देणें तिनें टाकिलें नाहीं, म्हणून ती सावत्र न राहतां 'आपली' झाली.

आतां एक व्यवहाराची गोष्ट. राहुटींत सर्वांस सारखी जागा मिळते. कायद्यांत मात्र मिळत नाहीं. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा वारसा रक्ताच्या नात्यानें मोजतो. मृत्युपत्र न करितां पालक निवर्तल्यास सावत्र मुलास त्याच्या मिळकतींत वांटा येत नाहीं. म्हणून ज्यांनीं अशी मुलें पदरांत घेतलीं त्यांनीं मृत्युपत्र करून ठेवावें. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील नियमांत सावत्र पालकांस मूल रीतसर दत्तक घेण्याचीही सोय आहे. तिचा विचार करावा. मुलाच्या ताटांत वाढून कागदांत उपाशी ठेवणें हें प्रीतीचें लक्षण नव्हे.

शेवटीं एक विनंती. महोत्सवाची आठवण म्हणून दगड बसविले जातात, घंटा टांगल्या जातात. तेंही योग्यच आहे. त्याबरोबर धर्मग्रामानें दोन चांगल्या राहुट्या विकत घ्याव्या, आणि ज्या घरीं दोन घरें एक होऊं पाहत आहेत त्यांस त्या प्रत्येक हिंवाळ्यांत दोन रात्रींसाठीं विनामूल्य द्याव्या. पोतीं व दोर आम्ही देऊं. आणि ती गांठ कशी मारावी हें शिकविण्यास आमच्या घरचे दोन भाऊ येतील. ते तयार आहेत, हें त्यांस विचारूनच आम्ही सांगत आहों.

 पवित्र कुटुंब आपल्या सर्व घरांचें रक्षण करो.