गाडी उचलत का नाही?



वसंतातल्या व्याख्यानाला मोटारीच्या पेडलाचा विषय कोणास किरकोळ वाटेल. परंतु आज कित्येक मध्यमवर्गीय घरांतली वर्षानुवर्षांची शिल्लक एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीत घातली जाते. आणि गाडी दारी आल्यावर आठ दिवसांत तक्रार सुरू होते, की पाय दाबला तरी ती उचलत नाही. विकणारा म्हणतो, “ऑटोमॅटिक अशीच असते.” घाईचा मेकॅनिक म्हणतो, “गिअरबॉक्स गेला.” पहिल्याचे ऐकावे तर घाटात ओव्हरटेक करताना जिवाशी गाठ, दुसऱ्याचे ऐकावे तर कदाचित विनाकारण मोठ्या रकमेला मुकणे. या दोहोंच्या मधली निदानाची वाट मला आज दाखवावयाची आहे.

‘उचलत नाही’ हे दुखण्याचे नाव नव्हे, लक्षण होय. आजच्या गाडीत पेडल तारेने इंजिनाला बांधलेले नसते. पेडलाखालचा सेन्सर संगणकाला निरोप देतो, संगणक थ्रॉटलची झडप उघडतो, हवा व इंधन मिळून इंजिनात जोर निर्माण होतो आणि गिअरबॉक्स तो चाकांपर्यंत पोचवतो. या साखळीतली कोणती कडी ढिली आहे, हे ओळखणे म्हणजेच निदान.

त्यासाठी आपल्या परिसरासारखी परीक्षाशाळा नाही. मळवली स्टेशनाकडून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे. लेण्यांचा पायथा मागे टाकून लोहगडवाडीकडे वळले की खडा चढ लागतो. पावसाळ्यातली गर्दीची सुटी टाळून, सकाळी, थंड इंजिनाने निघावे. शेजारी जाणता माणूस बसवावा व त्याने दोनच काटे पाहावेत : एक वेगाचा, दुसरा इंजिनाच्या फेऱ्यांचा. पेडल हळूहळू वाढत्या दाबाने दाबावे. एकदम दाबले तर निरोगी गाडीही खालचा गिअर घेते आणि फेऱ्यांचा काटा उडतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता काटे काय सांगतात ते पाहा. पेडल दाबूनही फेऱ्या वाढत नाहीत, इंजिन कण्हते, असे असेल तर दोष बहुधा इंजिनाच्या श्वासात आहे. येथे स्वस्तापासून महागाकडे जावे. प्रथम हवेचा फिल्टर. उन्हाळ्यातली धूळ तो लवकर कोंदवते. मग थ्रॉटलवर साचलेला कार्बन, प्लग, इंधनाचा फिल्टर. डिझेल गाडीत टर्बोची नळी फाटली असेल तर फुसफुस ऐकू येते व काळा धूर दिसतो. शेवटी सायलेन्सरमार्गातले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबले आहे का, ते पाहावे.

उलट फेऱ्या भराभर चढतात, आवाज वाढतो, पण वेगाचा काटा मागेच रेंगाळतो, तर पकड सुटत आहे. मग तेलाची पातळी व वास पाहावा. जळका वास हा वाईट साक्षीदार. मात्र येथेच जातिभेद जाणला पाहिजे. सीव्हीटी प्रकारात पट्ट्याची रचनाच अशी, की आधी फेऱ्या वाढतात आणि वेग मागून येतो. एएमटीमध्ये साधाच गिअरबॉक्स असून क्लच यंत्र दाबते. गिअर बदलताना क्षणभर खंड पडणे हा तिचा स्वभाव आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून हा प्रकार आपल्याकडे सामान्य ग्राहकापर्यंत आला, म्हणून जुन्या बाजारात तो वारंवार भेटतो. चढावर ब्रेकऐवजी पेडलावर गाडी तोलून धरण्याच्या सवयीने तिचा क्लच झिजतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र ब्रेक दाबून ‘डी’ टाकल्यावर पकड लागावयास दोन-तीन सेकंद लागत असतील, तर शंका घ्यावी.

आणि दोन्ही काटे निर्दोष असून गाडी जड वाटत असेल, तर चाकांकडे पाहावे. फेरीनंतर एकच चाक अधिक तापलेले आढळले तर ब्रेक चिकटत आहे. टायरमधली हवा कमी नाही ना, ‘इको’चे बटण चालू नाही ना, हेही आधी पाहावे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंच. टर्बो नसलेले इंजिन येथे विरळ हवेमुळे मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी जोर देते. तेवढ्याची तक्रार करू नये.

राहिली एक सावधगिरी. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. स्कॅनरने दोषांची नोंद पुसता येते. मात्र नुकतीच पुसली असेल, तर संगणकाच्या काही स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. म्हणून सौद्यापूर्वी आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्यावा, आणि विकणाऱ्याने लांब फेरीस नकार दिला, तर त्या नकारालाच उत्तर समजावे.

सज्जनहो, यंत्र खोटे बोलत नाही. आपण त्याला नीट प्रश्न विचारीत नाही, एवढेच. पैसे मोजण्याआधी अर्धा तास दोन काट्यांकडे पाहण्यात घालवा. तो अर्धा तास घरची पुंजीही राखील आणि घाटातली माणसेही.