मुलांचे सांधे आणि कुळाचा वारसा



पाच-सहा वर्षांचे एक मूल डोळ्यांपुढे आणा. जन्मतः ते निकोप होते. वेळेवर बसले, वेळेवर चालले. पुढे मात्र ते चालताना लवकर थकू लागते, जिना चढताना कठडा धरते, पंक्तीत मांडी घालून बसणे टाळते. बोटांची पेरे जाड दिसू लागतात आणि मूठ पुरती मिटत नाही. घरातील वडील माणसे म्हणतात, 'वात आहे.' तेल चोळले जाते, काढे दिले जातात; पुढे संधिवात म्हणून औषधे सुरू होतात. वर्षे लोटतात, औषधे बदलतात, सांधे मात्र आखडतच जातात. अशा मुलाविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण त्याला वात झालेलाच नसण्याचा संभव आहे.

वातासारखा भासणारा एक वंशपरंपरागत अस्थिविकार आहे. प्रोग्रेसिव्ह स्यूडोरुमॅटॉइड डिस्प्लेसिया असे त्याचे लांबलचक नाव. वैद्यकशास्त्राने त्याचे स्वतंत्र वर्णन १९८२-८३ च्या सुमारास केले आणि १९९९ साली त्याला कारण असलेले जनुक सापडले. हाडांच्या टोकांवर जी मऊ कूर्चा असते, तिची जोपासना या जनुकातील दोषामुळे नीट होत नाही. विकार दुर्मिळ खरा. पण आपल्या देशात तो अनेक कुटुंबांत आढळला आहे. भारतीय कुटुंबांच्या अभ्यासात जनुकातील काही ठरावीक बदल पुन्हा पुन्हा दिसून आले आहेत.

मग वात कोणता आणि हा विकार कोणता, हे ओळखावे कसे? खऱ्या संधिवातात सांधा बहुधा गरम लागतो, दुखतो, सकाळी अधिक ताठरतो. रक्त तपासले तर दाह असल्याचे पुष्कळदा दिसते. या विकारात सांधा मोठा दिसतो, पण हाताला ऊब लागत नाही. फुगवटा मऊ नसून हाडाचा, टणक असतो आणि रक्ताची तपासणी सहसा निर्दोष येते. निर्णायक पुरावा मिळतो तो मात्र जिकडे कोणी पाहत नाही तिकडे, म्हणजे पाठीच्या कण्यात. क्ष-किरण चित्रात मणके चपटे झालेले दिसतात. तक्रार बोटांची असते म्हणून चित्र बोटांचेच काढले जाते आणि निदान हुकते. एवढ्यासाठीच सांगावेसे वाटते की, मुलाचे अनेक सांधे आखडत असतील व रक्तात दाह नसेल, तर कण्याचेही चित्र काढावे. त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरण्याचे कारण नाही. ते बुऱ्हाणपुरातही निघते.

निदान हुकल्याची किंमत मुलाला मोजावी लागते. स्टेरॉइडसारखी औषधे दीर्घकाळ पोटात गेली तर हाडे ठिसूळ होतात, वाढ खुंटते. आणि ज्या रोगासाठी ती दिली, तो रोग तर तेथे नसतोच. मात्र चालू असलेले औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. तेही घातक ठरते. डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे.

आता आईबाप विचारतात, 'आम्ही दोघे धडधाकट; मग हे आले कोठून?' उत्तरासाठी आपल्याच गावचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीम यांच्या कारकिर्दीत बांधलेल्या या योजनेत सातपुड्याचे पाणी जमिनीखालून वाहत येते. वरून चालणाऱ्याला त्याची चाहूलही नसते. कुंडीत डोकावले तरच ते दिसते. जनुकातील दोषही असाच पिढ्यान्‌पिढ्या न दिसता वाहत असतो. आईकडून एक व बापाकडून एक असे दोन्ही दोष एकत्र आले, तरच मूल आजारी होते. नात्यात लग्न झाले असता हा योग अधिक संभवतो, मग ती मामाची मुलगी असो की चुलत्याची. आईबाप दोघेही हा दोष वाहत असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा धोका चारांत एक इतका असतो. त्यात आईने पाळलेल्या वा न पाळलेल्या ग्रहणाचा काडीमात्र संबंध नाही. दोष दोघांकडून येतो. म्हणून बोल एकीलाच लावणे हा अन्याय होय.

कुळाकडे न पाहता कारण शोधल्यास काय होते, याचा धडा कर्नाटकातील हंदिगोडू गावाने दिला आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यात १९७५ च्या सुमारास कंबर व गुडघे निकामी करणारी व्याधी उजेडात आली. कीटकनाशक फवारलेल्या भातशेतीतले खेकडे खाल्ल्याने ती होते, असा प्रथम संशय घेतला गेला. कुटुंबांच्या वंशावळी तपासल्यावर मात्र ती आनुवंशिक असल्याचे दिसून आले. तिची वाट निराळी आहे. तेथे आईबापांपैकी एकाकडूनच दोष येणे पुरेसे होते. तरी धडा तोच, की वंशावळ आधी विचारावी.

अर्थात प्रत्येक वाकडा पाय वंशाचा नसतो. मुडदूस हा बहुधा 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावी होतो आणि उपचाराने सुधारतो; तो आधी पारखून घ्यावा. उलट आखूड मान, पुढे आलेली छाती, एकमेकांवर घासणारे गुडघे आणि ढिली मनगटे दिसली, तर १९२९ साली वर्णिलेल्या मॉर्किओ विकाराची शंका घ्यावी. त्यात मानेचे मणके अस्थिर असू शकतात. म्हणून भूल देण्यापूर्वी ते सांगणे प्राणरक्षक ठरते. त्यावर शरीरात कमी पडणारे द्रव्य बाहेरून देण्याचा उपचारही २०१४ पासून उपलब्ध झाला आहे. नेमके नाव कळण्याचे महत्त्व ते हेच.

पहिल्या विकारावर असे औषध अद्याप नाही. परंतु योग्य व्यायामाने हालचाल टिकवता येते, शाळा सुटू न देता शिक्षण पुरे करता येते, आणि मोठेपणी खुबा वा गुडघा बदलून पुन्हा चालता येते. बुद्धीला या विकाराची झळ पोहोचत नाही. पुढील अपत्याचा विचार करणाऱ्या आईबापांना रक्ताच्या जनुकीय तपासणीतून वेळीच सल्लाही मिळू शकतो. दुर्मिळ व्याधींसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि बुऱ्हाणपुरातून मुंबईला थेट गाडी जाते.

जाताना सोबत तीन गोष्टी न्याव्यात: कण्याचे क्ष-किरण चित्र, आजवरच्या औषधांचे कागद, आणि आजी-आजोबांपासून लिहिलेली वंशावळ. तिसऱ्या कागदाला पैसा पडत नाही. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून तो लिहावा, एवढीच विनंती.