कलाशाळेतील वर्षे कशासाठी?



पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील एखादा मुलगा वा मुलगी कलाशाळेत दाखल होते, तेव्हा घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो नोकरीचा. हा प्रश्न क्षुद्र नव्हे. ज्या घरात मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम सरला तरी फिटत नाही, त्या घराने कागद, रंग आणि खोलीभाडे यांचा खर्च सोसणे ही साधी गोष्ट नाही. साहजिकच एलिमेंटरी, इंटरमीजिएट, त्यानंतर कलाशिक्षक पदविका आणि शेवटी एखाद्या माध्यमिक शाळेतील चित्रकला शिक्षकाची जागा, अशी वाट बहुतेक विद्यार्थी मनाशी आखून येतात. ती जागा आता सहजी मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक असते. मग या वर्षांतून पदरात काय पाडून घ्यायचे?

1890 साली कोल्हापूरचा एक तरुण मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्याचे नाव. साहेबाने आखलेला अभ्यासक्रम त्याने टाळला नाही. निमूटपणे आणि उत्तम रीतीने पुरा केला. परंतु धुरंधरांची खरी मिरास ठरली ती माणसे टिपण्याची सवय. मुंबईच्या गल्ल्याबोळांतील फेरीवाले, भाविक, निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रिया, त्यांची नेसण आणि चाल हे सारे त्यांच्या रेषेत उतरले. 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, तेही घरगुती महाराष्ट्रीय जीवनाच्या चित्राला. पुढे त्याच शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त लिहिले. प्रत्येक कलाविद्यार्थ्याने ते वाचावे. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून तर अवश्य वाचावे.

कृष्णाजी हौलाजी आरा यांच्या वाट्याला अशी शाळा आलीच नाही. घरगडी म्हणून राबताना उरेल त्या वेळात त्यांनी चित्रे काढली. मिठाच्या सत्याग्रहात कारावासही भोगला. याउलट फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना कलाशाळा मिळाली आणि 1945 साली त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. ज्या बेचाळीसच्या चळवळीशी हे प्रकरण जोडले जाते, तिचे नेते नगरच्याच भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. आचार्य नरेंद्र देव त्यांतलेच एक. 1947 साली आरा, सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला. त्यात घरगडी होता आणि सिनेमाचे फलक रंगवणाराही होता. एकमेकांच्या चित्रांवर परखडपणे बोलणारे सोबती त्यांनी स्वतःच जमवले. आजच्या विद्यार्थ्याला असे सोबती वर्गातच लाभतात, आणि तो त्यांच्याशी गुणांची स्पर्धा करीत बसतो!

नगर जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे, असे काही विद्यार्थी विचारतात. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार ओतीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. काळाविषयी मतभेद आहेत. परंतु ज्या कारागिराने हे बैल घडवले, त्याने जुवाखालचा बैल जवळून पाहिला होता, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही.

तसा बैल पाहण्यासाठी संग्रहालयात जाण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ट्रॅक्टर आले, तरी बैलगाड्या अजून दिसतात. गाड्या कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभ्या असतात. बैल रवंथ करीत असतात, गाडीवान उसाच्या मोळीवर डोके टेकून निजलेला असतो, त्याची बायको तीन दगडांवर भाकरी भाजत असते. कोणालाही ‘हलू नका’ म्हणावे लागत नाही. वही आणि दोन पेन्सिली घेऊन संध्याकाळच्या एसटीने निघावे. नंबर बहुधा पहाटेच लागतो.