लोकप्रतिनिधींचा पाठपुरावा आणि गावाचे कर्तव्य

(शिरूर तालुक्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, अवघ्या तीन आठवड्यांत, आपल्या तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन बालके होती. संतप्त ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. तो संताप स्वाभाविकच होता. परंतु रस्त्यावर प्रकट झालेल्या दुःखाचे शासनाच्या आदेशात रूपांतर कसे होते आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा विचार आज करावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ आपल्या समृद्धीतच आहे. डिंभे, चासकमान यांसारख्या धरणांचे पाणी शिवारात आले, जिरायत जमीन बागायत झाली आणि उसाचे क्षेत्र वाढले. वर्षभर उभ्या असणाऱ्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला. वस्तीजवळची कुत्री, शेळ्या हे भक्ष्यही मिळाले. मादी उसातच पिले देऊ लागली. गाळप हंगामात तोड सुरू झाली की तो आडोसा नाहीसा होतो आणि माणूस व बिबट्या समोरासमोर येतात. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चारही तालुके ज्या जुन्नर वनविभागात येतात, त्याला हा अनुभव गेली पंचवीस वर्षे आहे. पकडलेला बिबट्या दूरच्या जंगलात सोडणे हा उपाय पूर्वी करून पाहिला गेला. परंतु त्याने हल्ले थांबत नाहीत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

या विषयावर आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी केलेल्या प्रयत्नांची नोंद घेणे उचित ठरेल. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी हा प्रश्न लोकसभेत मांडला. डिसेंबर २०२३ मध्ये शिवनेरीहून पुण्यापर्यंत निघालेल्या शेतकरी मोर्चाच्या मागण्यांत, बिबटप्रवण भागातील शेतीला दिवसा थ्री फेज वीज द्यावी, ही एक मागणी होती. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे तर डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात बिबट्यासारखा वेश परिधान करूनच विधानभवनात आले. त्या वेशाची चर्चा पुष्कळ झाली. त्यामागील भयाची चर्चा अधिक व्हावयास हवी.

दिवसा विजेची मागणी मला विशेष महत्त्वाची वाटते. रात्रपाळीची वीज आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन उसाच्या बांधावरून मोटार चालू करावयास जावे लागते. त्याच वेळी बिबट्याही बाहेर पडतो. येथे वन खाते आणि वीज वितरण कंपनी यांचे काम एकमेकांत गुंतलेले आहे. अशी भिन्न खात्यांत विभागलेली गोष्ट एका ठिकाणी आणणे, हेच लोकप्रतिनिधीचे खरे काम होय.

त्यासाठी त्याच्यापाशी साधने आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चा यांद्वारे मंत्रिमहोदयांकडून उत्तर मिळविता येते. सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली की नाही, हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. मात्र कायद्याची चौकटही ध्यानात ठेवली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बिबट्याला पूर्ण संरक्षण दिले आहे. त्यामुळे नरभक्षक ठरलेल्या जनावराबाबतही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशावाचून कारवाई करता येत नाही.

आता आपले कर्तव्य. आमदाराचा प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर नेमके. आणि तो नेमकेपणा गावातूनच जातो. कोणत्या वस्तीवर, कोणत्या तारखेला जनावर दिसले, किती जनावरे मारली गेली, कोणत्या फीडरवर रात्रीची वीज आहे, याची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ग्रामसभेचा ठराव त्यासोबत पाठवावा. पशुधनाच्या नुकसानीची खबर ४८ तासांच्या आत दिली पाहिजे. उशीर झाल्यास पंचनामा आणि भरपाई दोन्ही अडतात. वन खात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहावा. मुलांनी एकेकटे न येता गटाने यावे-जावे, ही शिकवण शिक्षकांनी द्यावी. वस्तीवरील गोठे बंदिस्त असावेत आणि घरालगत पिकाची दाटी नसावी.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लक्ष रुपये देण्याची तरतूद राज्य शासनाने केलेली आहे. ती आवश्यकच आहे; परंतु ती देण्याची वेळच येऊ नये, हा आपला उद्देश असावा. सभागृहात उच्चारलेला शब्द शिवारात दिवसाची वीज होऊन पोहोचेपर्यंत लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि गाव या तिघांनाही तो धरून ठेवावा लागेल. तिघांपैकी एकाचाही हात सुटला, तर उसाच्या बांधावर पुन्हा अंधारच राहील.