डायनासोर कशाने मेले? आपल्या काळ्या दगडाची साक्ष



विहीर खोदताना तुम्ही पाहिलं असेल. आधी माती, मग मुरूम, मग काळा कठीण दगड. आणखी खाली गेलं की मध्येच तांबड्या मातीचा पट्टा लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा काळा दगड. एसटीने घाट चढताना कापलेल्या डोंगरातही हा पट्टा दिसतो. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. जमिनीच्या भेगांतून तो वर आला, पसरला आणि थंड झाला. मग काही काळ शांततेत गेला. ऊन-पावसाने वरचा दगड झिजला, त्याची माती झाली. पुन्हा लाव्हा आला आणि ती माती खाली दडपली गेली. तोच आपला तांबडा पट्टा. असे थरावर थर चढून आपले सह्याद्रीचे डोंगर झाले. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा!

आता याच काळातली दुसरी घटना ऐका. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या जिवांच्या दर चार जातींपैकी जवळजवळ तीन नाहीशा झाल्या. डायनासोर त्यातच गेले. त्यांच्यातली पक्ष्यांची शाखा तेवढी वाचली. मग हे केलं कुणी? आपल्या लाव्हाने?

थांबा. समजा, तुमच्या कपाशीची पानं आकसली. शेजाऱ्याने तणनाशक मारलंय, म्हणून तुम्ही भांडायला निघालात. पण पानं सोमवारी आकसली आणि फवारणी बुधवारी झाली असेल तर? म्हणून ‘कुणी केलं’ याच्या आधी ‘कधी झालं’ हे विचारायचं. शास्त्रज्ञही तेच विचारतात.

१९८० साली अमेरिकेतल्या लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी एक पुरावा मांडला. त्यांच्याबरोबर फ्रँक असारो आणि हेलन मिशेल ही रसायनशास्त्रज्ञ मंडळी होती. इटलीत त्याच काळातला बोटभर मातीचा थर आहे. त्यात त्यांना इरिडियम नावाचा धातू भरपूर सापडला. हा धातू जमिनीवर अगदी कमी, पण आकाशातून पडणाऱ्या दगडांत जास्त असतो. म्हणजे आकाशातून काहीतरी प्रचंड आदळलं होतं! पुढे मेक्सिकोत जमिनीखाली गाडलेला सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा खड्डाही ओळखला गेला. बहुतेकांना वाटलं, निकाल लागला.

गेर्टा केलर या बाईंना मात्र तसं वाटलं नाही. त्या स्वित्झर्लंडमधल्या शेतकरी घरात वाढलेल्या, बारा भावंडांतल्या एक. चौदाव्या वर्षी त्यांना शिवणकाम शिकायला घातलं होतं. पुढे त्या शिकत गेल्या आणि अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. समुद्रातल्या अगदी बारीक शिंपल्यांचा त्यांचा अभ्यास. हे जीव दगड आदळण्याआधीच घटू लागले होते, तेव्हा भारतातल्या लाव्हाकडे बघा, असं त्या सांगत राहिल्या. त्यांच्यावर कडक टीका झाली, पण त्या मागे हटल्या नाहीत.

मग लाव्हाची तारीख काढायची कशी? इथे आपला तांबडा पट्टा कामाला आला. त्या मातीत कुठेकुठे दुसरीकडून उडून आलेली ज्वालामुखीची राख मिसळलेली असते. राखेत झिरकॉनचे, रव्याहूनही बारीक स्फटिक सापडतात. त्यांत युरेनियम असतं आणि त्याचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजलं की स्फटिकाचं वय कळतं.

प्रिन्स्टनच्या चमूने असे स्फटिक मोजले. त्यात केलरबाई होत्या, आणि आपल्या अमरावती विद्यापीठातले भूशास्त्रज्ञही. २०१९ साली त्यांनी सांगितलं, की लाव्हाचा एक मोठा उद्रेक या विनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. त्याच वेळी कोर्टनी स्प्रेन या बाईंच्या चमूने दुसऱ्या पद्धतीने खुद्द काळ्या दगडाचंच वय मोजलं. त्यांच्या हिशेबाने बहुतेक लाव्हा विनाशानंतर आला. दोन्ही चमूंचं एक मात्र जुळलं. लाव्हा विनाशाच्या आधी सुरू झाला होता आणि नंतरही वाहत राहिला.

आज बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष आकाशातून आलेल्या दगडालाच देतात. लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान किती बिघडवलं, त्याचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. पण हा वाद कुणाचा आवाज मोठा यावर मिटणार नाही. तो मिटेल दगडातल्या तारखांवर.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घाटात तो तांबडा पट्टा दिसला की शेजारी बसलेल्या मुलीला दाखवा. म्हणावं, दूरदूरचे शास्त्रज्ञ हिची साक्ष घ्यायला आपल्या डोंगरात आले होते. आणि तिला केलरबाईंचीही गोष्ट सांगा. चौदाव्या वर्षी शिवणकामाला घातलेल्या मुलीने जगाला प्रश्न विचारला, आणि उत्तर शोधायला जगाला आपल्या दारात यावं लागलं.