पक्ष कुणाचा?

(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'ब्रेक्झिटनंतरचं इंग्लंड'. २०१६ साली कंपनीच्या कामासाठी मी तिकडे होते, एवढीच माझी पात्रता. पण आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली अडीच वर्षं 'राजकारणावर बोलायचं नाही' असा नियम आहे, आणि तो कशामुळे करावा लागला हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा इंग्लंडबद्दल बोलता बोलता मी सांगोल्यापर्यंत येणार आहे. ग्रुपचा नियम व्यासपीठाला लागू नाही, असं मी धरून चालते.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के मतदार म्हणाले युरोपीय संघातून बाहेर पडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. हुजूर पक्षाचा पुढचा नेता म्हणून बोरिस जॉन्सन यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. ३० जूनला त्यांचेच साथीदार मायकेल गोव्ह यांनी 'हे काम जॉन्सन यांच्याने होणार नाही' अशा अर्थाचं निवेदन काढून स्वतःची उमेदवारी जाहीर केली, आणि त्याच दिवशी जॉन्सन शर्यतीतून बाहेर पडले. शेवटी दोन उमेदवार उरल्या, थेरेसा मे आणि अँड्रिया लेडसम. लेडसम यांनी माघार घेतली आणि १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या. ऑफिसातले माझे इंग्रज सहकारी एरवी हवामानापलीकडे बोलायचे नाहीत, ते कॅन्टीनमध्ये तासन्‌तास याच विषयावर बोलत होते. आम्हा दोन-तीन मराठी माणसांना मात्र त्यात फारसं नवल वाटलं नाही. सहकाऱ्याने सहकाऱ्याचा पत्ता कापणं आपण लहानपणापासून वर्तमानपत्रात वाचत आलोय.

नवल वाटलं ते विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाचं. त्यांचे नेते होते जेरेमी कॉर्बिन. सार्वमताच्या प्रचारात त्यांनी पुरेसा जोर लावला नाही म्हणून खासदार चिडलेले होते. २८ जूनला खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. मतं पडली विरोधात १७२, बाजूने ४०. आपल्याकडे एवढं झालं असतं तर खेळ तिथेच संपला असता. तिथे संपला नाही. कॉर्बिन म्हणाले, मला सभासदांनी निवडलंय, सभासदच काढतील. मग पक्षाच्या कार्यकारिणीत वाद झाला की असलेल्या नेत्याला पुन्हा उभं राहायला खासदारांच्या सह्या लागतात की नाही. कार्यकारिणीने ठरवलं, लागत नाहीत. त्यावर कोर्टकचेरी झाली. कोणत्या तारखेपर्यंतच्या सभासदांना मत द्यायचं यावर आणखी एक खटला, वर अपील. सभासद नसलेल्यांना २५ पौंड भरून, म्हणजे तेव्हाचे दोन हजारांवर रुपये, मत नोंदवता येत होतं. त्यासाठी दोन दिवसांची मुदत होती आणि तेवढ्यात एक लाख ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले. २४ सप्टेंबरला निकाल लागला. कॉर्बिन यांना ३,१३,२०९ मतं, प्रतिस्पर्धी ओवेन स्मिथ यांना १,९३,२२९. १७२ खासदार एका बाजूला आणि कॉर्बिन पुन्हा नेते.

कॉर्बिन मला स्वतःला फारसे आवडायचे नाहीत, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की त्या १७२ जणांपैकी कुणीही 'आम्ही बहुसंख्य, म्हणून आम्हीच मजूर पक्ष, नाव आणि चिन्ह आम्हाला द्या' असा दावा केला नाही. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यातले काही जण खरोखरच बाहेर पडले, हुजूर पक्षातलेही काही त्यांना येऊन मिळाले. त्यांनी नवा गट काढला, नवं नाव घेतलं. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीनंतर त्यांतला एकही संसदेत परतला नाही. नाव मागे ठेवून गेलं की काय होतं, ते दिसलं.

आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. 'ओपन ऑफिस' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. ते ज्या कंपनीच्या हातात गेलं तिच्याशी ते घडवणाऱ्यांचं पटेना. २०१० मध्ये बरेचसे लोक बाहेर पडले. प्रोग्रॅमची नक्कल न्यायला परवानगी होती, नाव न्यायला नव्हती. म्हणून तुमच्या मुलांच्या संगणकावर आज 'लिब्रे ऑफिस' असतं. सोलापूरच्या माणसाला तर हे समजवायलाच नको. चादर कुठेही विणता येते; 'सोलापुरी चादर' म्हणायचं कुणी, यावरच सगळं भांडण असतं.

आता जून २०२२. विधान परिषदेची मतमोजणी झाली त्या रात्री, २० तारखेला, एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटी. त्यांच्यात आपल्या जिल्ह्याचे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील होते, आणि त्यांची झाडी, डोंगर, हाटील मी तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात बंगळुरूच्या माझ्या ऑफिसात कन्नड मुलंही 'ओक्के' म्हणत होती. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, ३० ला शिंदे यांचा शपथविधी झाला. आठवड्याभरात, ७ जुलैला, तिकडे लंडनमध्ये बोरिस जॉन्सन यांनाही त्यांच्याच मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावून पायउतार व्हायला लावलं. पण जॉन्सन यांच्या घरासमोर 'हुजूर पक्ष कुणाचा' हा प्रश्न निघाला नाही. आपल्याकडे तोच निघाला. का?

याचं उत्तर आपल्या पक्षांतरबंदी कायद्यात आहे, आणि ते मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शेकडो मेसेजांत एकदाही दिसलं नाही. १९८५ मध्ये घटनेत दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडला की आमदारकी जाणार. तेव्हा एक पळवाट होती: एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानायची आणि त्यांची पदं वाचवायची. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट काढून टाकली. उरलं फक्त विलीनीकरण, तेही दोन तृतीयांश आमदार असतील तर. शिंदे यांच्याबरोबर ५५ पैकी ४० होते, म्हणजे आकडा पुरेसा होता. पण विलीन व्हायचं तर दुसऱ्या पक्षात जायला हवं, आपली ओळख सोडायला हवी. ते नको असेल तर एकच रस्ता राहतो: 'आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष' असं म्हणणं. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जॉन्सन यांनी विरोधात मत दिलेल्या २१ खासदारांना एका रात्रीत पक्षाच्या संसदीय गटातून काढलं, त्यांत चर्चिल यांचा नातूही होता. त्यांची खासदारकी मात्र गेली नाही. तिथला बंडखोर बंड करून आपल्या जागेवर बसून राहू शकतो. आपल्याकडे त्याला जागा वाचवायला पक्षच ताब्यात घ्यावा लागतो. फुटीवर इलाज म्हणून केलेल्या कायद्याने फुटीला हे वळण दिलं, हे माझं मत. वकील मंडळी इथे आहेत, त्यांनी खोडून काढावं.

मग प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. आयोगाकडे १९६८ चा चिन्हांविषयीचा आदेश आहे आणि १९६९ च्या काँग्रेस फुटीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिलेला निकाल आहे. त्यातून तीन कसोट्या आल्या: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत. बहुमत दोन ठिकाणी पाहायचं, संघटनेत आणि विधिमंडळात.

आपल्याच तुकडीतला एक जण आज इथे बसलाय. नाव घेत नाही, बाजूही सांगत नाही. वीसेक वर्षं शाखेचं काम. रक्तदान शिबिरं, वह्यावाटप, गणपतीत मंडप, निवडणुकीत रात्री बॅनर बांधणं. २०२२ मध्ये त्याने कोर्टाजवळ नोटरीकडे रांग लावून प्रतिज्ञापत्र केलं, की माझा पक्ष अमुक नेत्याचा आहे. दोन्ही गटांनी अशी प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्यागठ्ठ्यांनी दिल्लीला पाठवली. तो मला म्हणाला होता, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, तुझं म्हणणं काय." 

८ ऑक्टोबरला धनुष्यबाण गोठवला गेला. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाचा निकाल आला. शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना. कारण असं दिलं, की पक्षाच्या घटनेत निवडणुकीऐवजी नेमणुकाच आहेत, त्यामुळे संघटनेतलं बहुमत मोजायला विश्वासार्ह आधारच नाही. मग आमदार-खासदार मोजले. ५५ विजयी उमेदवारांना २०१९ मध्ये पडलेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं शिंदे यांच्याबरोबरच्या चाळिसांची निघाली. माझ्या मित्राचं प्रतिज्ञापत्र निर्णयाच्या पारड्यात पडलंच नाही.

शहाजीबापू २०१९ मध्ये ७६८ मतांनी निवडून आले होते. त्या निवडणुकीत त्यांना पडलेल्या मतांत त्यांची स्वतःची किती आणि धनुष्यबाणाची किती, हे सांगणारं सॉफ्टवेअर मला लिहिता येणार नाही. आयोगाने ती सगळी माणसाच्या खात्यावर जमा धरली. पण ठाकरे गटाची बाजू घेऊन रडणाऱ्यांनाही एक विचारायला हवं: नेमणुकांची ती घटना चालली तेव्हा तुम्ही आणि शिंदे एकाच पंगतीत होतात ना? तेव्हा कुणी हात वर केला होता?

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही; राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं; पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. पुढे अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला कुणालाच अपात्र ठरवलं नाही. राष्ट्रवादीत जुलै २०२३ नंतर याच वाटेने सगळं गेलं, फक्त लवकर: ५३ पैकी ४१ आमदार अजित पवारांकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळही तिकडे, शरद पवारांच्या हाती तुतारी.

बाकीच्यांनी हसू नये. जानेवारी २००३ मध्ये आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा आपण फटाके वाजवले. त्यांना आणलं दिल्लीने, आणि २००४ ची निवडणूक आघाडीने जिंकल्यावर विलासरावांना परत बसवून त्यांना राज्यपाल म्हणून आंध्रला पाठवलं तेही दिल्लीनेच. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी खरोखर मतदान घेतलं, शेजारच्या कलबुर्गीचे खर्गे ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी निवडून आले. पण मत होतं ते प्रतिनिधींना, साध्या सभासदाला नाही. भाजपमध्ये मिस्ड कॉल देऊन सभासद होता येतं, अध्यक्ष मात्र दर वेळी बिनविरोध ठरतो.

आणि सभासदांना मत दिलं की सगळं सुरळीत होतं, असंही मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हुजूर पक्षाच्या सभासदांनी लिझ ट्रस यांना ८१,३२६ मतांनी निवडलं. खासदारांचा कल ऋषी सुनक यांच्याकडे होता. ट्रस दीड महिन्यात राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या, कर्जाचे व्याजदर चढले, आणि माझ्या तिथल्या सहकाऱ्यांच्या घराचे हप्ते त्यानंतर वाढले ते वाढलेच. कोट्यवधींच्या देशाचा पंतप्रधान दीड लाखाहून कमी लोकांनी ठरवावा का, हा प्रश्न तिथे लोक रागाने विचारतात आणि तो बरोबर आहे. तरीही माझी पसंती त्याच गोंधळाला. तिथे चूक करायचा हक्क तरी त्या माणसाकडे होता.

गेल्या महिन्यात विधानसभेचे निकाल लागले. राज्यात धनुष्यबाणाला ५७ जागा, घड्याळाला ४१. आपल्या जिल्ह्यात अकरा जागा, आणि या दोन्ही चिन्हांना मिळून एकही नाही. बार्शीत मशालीने धनुष्यबाणाला हरवलं. मोहोळ, माढा, करमाळा, माळशिरस तुतारीने घेतले. उरलेल्या पाच भाजपने. सांगोल्यात तर धनुष्यबाण आणि मशाल दोन्ही उभे होते, आणि लोकांनी निवडून दिला शेतकरी कामगार पक्ष, राज्यात त्याची एकुलती एक जागा. गणपतराव देशमुख अकरा वेळा ज्या पक्षातून निवडून आले, तोच.

चिन्हाबद्दलची याचिका अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. सोलापूर महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. निवडणूक कधीतरी लागेलच. आपला मित्र पुन्हा बॅनर बांधायला जाणार आहे, त्याने मला काल सांगितलं. कुठल्या चिन्हाचा, ते मी विचारलं नाही. त्याच्या शाखेच्या सभासदांची यादी कुठे आहे, ते विचारलं. तो म्हणाला, एक वही होती, साहेबांच्या घरी असेल. ती वही शोधून आण, मी एका रविवारात ती संगणकावर चढवून देते, असं मी त्याला कबूल केलंय. पुढचं त्यांनी त्यांच्या साहेबांना विचारावं.